चाप ठेवून दांडी: एका जुन्या ट्रायफारी जोडीचं प्रकरण

जोडी सोनेरी पानांची होती, ट्रायफारी या अमेरिकी कंपनीची नकली कानातली. पानाची लांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास, देठाशी एक नकली मोती, मधल्या शिरेवर बारीक काचेच्या खड्यांची ओळ आणि मागे कानाची पाळी चिमटीत धरणारी क्लिप. टोचलेल्या कानात घालायला दांडी कुठेच नाही. जोडी घेऊन आलेल्या काकूंना ती मुलीच्या लग्नाच्या रिसेप्शनला घालायची होती. त्यांची मागणी एका वाक्याची होती: "मागची ती क्लिप काढ आणि दांडी लावून दे."

मी जुन्या, बहुतेक नकली दागिन्यांची दुरुस्ती करते. नथीच्या बाबतीत उलटं काम आपल्याकडे रोजचं आहे. नाक टोचलेलं नसलं तर सोनार चापाची नथ देतो, कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. पण चापाचं कानातलं टोचलेल्या कानासाठी करून द्यायची वेळ आपल्या सोनारांवर फारशी येत नाही, कारण आपल्याकडे कान बारशाच्या सुमारासच टोचतात आणि चापाची कानातली मुळात फार कुणी घडवलीच नाहीत.

ही जोडी काकूंच्या मावशीची. मावशी यजमानांबरोबर 1967 साली अमेरिकेला गेल्या. काकूंनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, "अगं, पण मावशीचे कान तर टोचलेले होते. माझ्यासारखेच. मग तिनं असलं का घेतलं?"

घेतलं, कारण दुकानात तेच होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांमध्ये कान टोचणं मागे पडलं. त्याआधी आज्या-पणज्यांचे कान टोचलेले असत, पण पुढच्या पिढीला ते जुनाट, काहीसं गावंढळ वाटू लागलं. त्या जागी आधी मागून स्क्रू आवळायची कानातली आली आणि 1930च्या दशकात स्प्रिंगची क्लिप आली. पुढची तीसेक वर्षं मोठ्या दुकानांतली नकली कानातली बहुतांशी या दोन प्रकारांतली. साठच्या दशकात तरुण मुलींनी पुन्हा कान टोचायला सुरुवात केली, कित्येकींनी घरीच, बर्फ आणि सुई घेऊन. पण दुकानांचा माल लगेच बदलला नाही. म्हणजे बाळपणीच कान टोचलेली एक मराठी बाई अमेरिकेत जाऊन, स्वतःच्या भोकांचा काही उपयोग नसलेली कानातली विकत घेत होती. काकूंना हे फार गमतीचं वाटलं. मलाही.

क्लिपच्या मागच्या पट्टीवर, जिला मी इथे जीभ म्हणते, बारीक ठसा होता: 'ट्रायफारी', टी या अक्षरावर मुकुट आणि शेजारी वर्तुळातला सी, म्हणजे कॉपीराइटची खूण. ती खूण महत्त्वाची. नकली दागिन्यांची घडणही कलाकृती मानून तिला कॉपीराइटचं संरक्षण मिळतं, असा निकाल 1955मध्ये न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयात लागला आणि तो खटला ट्रायफारीनेच लढवला होता. ही खूण उमटवायची पद्धत त्यानंतरची. म्हणून ही जोडी पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातली किंवा नंतरची. मावशींच्या खरेदीशी ते जुळतं.

ट्रायफारी हे नाव नकली दागिन्यांत लहान नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, ईस्ट प्रॉव्हिडन्सला त्यांचा कारखाना होता. आल्फ्रेड फिलिप हे 1930 ते 1968 त्यांचे मुख्य डिझायनर. 1953 साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीच्या नृत्यसमारंभात त्यांच्या पत्नीने घातलेला मोत्यांचा संचही ट्रायफारीचाच, म्हणजे नकली मोत्यांचा. अशा दागिन्यांचे आज जगभर संग्राहक आहेत आणि ते पहिल्यांदा पाठ बघतात. ठसा आहे का, क्लिप मूळची आहे का, कुणी डाग दिलाय का, म्हणजे दुसरा धातू वितळवून जोड दिलाय का. या जोडीत ठसा जिभेवरच होता. क्लिप काढून टाकली असती तर दागिन्याची ओळखच तिच्याबरोबर गेली असती.

काकूंकडे याच मावशीची आणखी एक जोडी होती, ती त्यांनी काही वर्षांपूर्वी एका कारागिराकडे दिली होती. त्याने सरळ दांडी झाळायला, म्हणजे डाग देऊन जोडायला घेतली. एक कानातलं खालच्या बाजूने बसलं, म्हणजे अक्षरशः वितळून खाली आलं. दुसऱ्याचे खडे काळे पडले. कारागीर अडाणी नव्हता, सोन्या-चांदीत त्याचा हात चांगला होता. पण चांदीचा डाग वाहायला साधारण 650 ते 750 अंश सेल्सिअस लागतात, आणि ज्या पांढऱ्या ओतीव धातूत असे दागिने घडवत, त्यात कथील आणि शिसं भरपूर असेल तर तो 300 अंशांच्या आतच पाघळतो. वरच्या सोनेरी मुलाम्याकडे बघून आत काय आहे ते कळत नाही. ट्रायफारी युद्धानंतर 'ट्रायफेनियम' नावाचा स्वतःचा मिश्रधातू वापरत असे. माझ्या हातातल्या जोडीत नेमकं काय आहे हे ओरखडा काढून तपासायची माझी तयारी नव्हती.

आणि समजा धातू टिकला, तरी खडे टिकत नाहीत. काचेच्या खड्याची चमक त्याच्या पाठीमागच्या आरशासारख्या पातळ मुलाम्यातून येते. उष्णतेने तो करपतो, ओलाव्याने सुटतो. मोत्यावरचा थर तर लाखेसारखा असतो, त्याला ॲसिटोनचा वाससुद्धा मानवत नाही. म्हणून पहिला निर्णय तिथेच झाला: कानातल्याजवळ आग न्यायची नाही, नेलपॉलिश काढायचं द्रव न्यायचं नाही, पाण्यात बुडवायचं नाही. हलक्या, 190 अंशांच्या आसपास वितळणाऱ्या कथील-शिशाच्या डागाचा मोह काही जण धरतात. मला तोही नको होता. त्यात शिसं असतं, आणि हे कानाला लागणारं काम.

मग मोजमापं घेतली. एकेक कानातलं साडेदहा ग्रॅमचं. काकूंच्या रोजच्या मोत्याच्या कुड्या तीन-सव्वातीन ग्रॅमच्या. त्यांनी तरुणपणी जड झुबे वापरले होते, त्यामुळे दोन्ही भोकं लांबून चीर झालेली. डाव्या कानात चिरेच्या खालच्या टोकापासून पाळीच्या कडेपर्यंत सात मिलिमीटर, उजव्यात साडेपाच. पाळीची जाडी चारच्या आसपास.

हे आकडे समोर आल्यावर "दांडी लावून दे" हे वाक्य जागचं हललं. नुसत्या दांडीवर साडेदहा ग्रॅम टांगले तर सगळा भार साडेपाच मिलिमीटर मांसावर येतो. शिवाय रिसेप्शन म्हणजे स्टेजवर उभं राहून तासन्‌तास माना डोलावणं. चीर आणखी उतरली तर पाळी फाटते आणि मग प्लास्टिक सर्जनकडे टाका घालायला जावं लागतं. क्लिप हा भार वेगळ्या रीतीने वाहते. ती पाळीचा मोठा भाग दोन्हीकडून दाबून धरते, त्यामुळे वजन पसरतं. म्हणजे जी वस्तू काढून टाकायला काकू आल्या होत्या, तीच त्यांच्या कानाला हवी होती.

"मग क्लिपच घाला की," असं मी म्हणूनही पाहिलं. त्यांनी ते करून पाहिलं होतं. अर्ध्या तासात पाळी ठणकते, आणि मुख्य भीती वेगळी: "नुसती चिमटीत धरलेली, गर्दीत कुणाचा हात लागला आणि पडली तर? मावशीची आहे गं." ही भीती खरी आहे. क्लिपची कानातली हरवतात, म्हणूनच जुन्या बाजारात त्यांची एकेकटे नग इतके दिसतात.

तयार जोड मिळतात, ते आधी लावून बघितले. क्लिपच्या फटीत बसणारी छोटी पट्टी, तिला दांडी. क्लिप पट्टीवर मिटायची, दांडी कानात घालायची, मागून फिरकी. हलक्या बटणासारख्या कानातल्याला हा उपाय उत्तम आहे आणि कुणी मला विचारलं तर मी सगळ्यात आधी हाच सुचवते, कारण दागिन्याला हातच लागत नाही. इथे पान पुढे कलंडलं. दांडी पानाच्या पुरेशी वर नव्हती, वजन पुढे होतं, आणि वरचं टोक कानापासून सुटून समोर झुकलं. फोटोत ते लगेच दिसलं असतं.

दांडीची जागा हा या कामाचा गाभा आहे आणि लोक त्याच बाबतीत घाई करतात. दांडी दागिन्याच्या मध्यावर लावावीशी वाटते, कारण पाठीकडून तीच जागा नीटस दिसते. पण जड कानातलं मध्यावर टांगलं की त्याचा वरचा भाग पुढे पडतो. दांडी गुरुत्वमध्याच्या वर हवी, म्हणजे खालचा भाग पाळीवर आणि मानेकडे टेकतो आणि दागिना सरळ राहतो. क्लिपच्या कानातल्यात आणखी एक अडचण आहे. क्लिपची बिजागरी पाळीच्या कडेच्या खाली येते आणि जीभ तिथून वर, पाळीच्या मागे जाते. भोकापासून पाळीच्या कडेपर्यंत जेवढं अंतर, त्याहून थोडं जास्त अंतर दांडी आणि बिजागरीत ठेवावं लागतं. कमी ठेवलं तर बिजागरी पाळीत रुतते. फार जास्त ठेवलं तर पान खाली लोंबतं.

असा सगळा विचार करून जे ठरलं ते असं: क्लिप जागेवर ठेवायची, तिचा दाब कमी करायचा आणि तिच्या जोडीला एक आखूड दांडी द्यायची. पडू न देण्याचं काम दांडीचं, भार पेलण्याचं क्लिपचं. हे काही माझं संशोधन नव्हे. खऱ्या सोन्याच्या जड पाश्चात्त्य कानातल्यांत दांडी आणि चाप एकत्र असलेली पाठ जुनीच आहे. नकली दागिन्यावर ती नंतर बसवायची, एवढंच इथे नवं.

दांडी थेट कानातल्याला न जोडता चांदीच्या छोट्या पत्र्याला झाळून घेतली. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा, करंगळीच्या नखाहून लहान, खालच्या बाजूला यूच्या आकाराची खाच. ही खाच बिजागरीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी मिठी मारते, त्यामुळे पत्रा खाली सरकू शकत नाही. आगीचं सगळं काम सोनाराच्या पाटावर झालं, तेव्हा मावशींची पानं माझ्या घरी डबीत होती.

दांडीसाठी काकूंना सोनंच हवं होतं. "दुसरं काही घातलं की माझे कान चिघळतात." असं सांगणाऱ्या बहुतेकींना निकेल सोसत नाही. स्वस्त नकली दागिन्यांच्या मुलाम्याखाली ते सर्रास असतं. युरोपात तर टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा नियम आहे. 22 कॅरेटची तार या कामाला मऊ पडते. म्हणून 18 कॅरेट पिवळ्या सोन्याची घेतली, 0.9 मिलिमीटर जाडीची. पिवळ्यात मिसळ चांदी-तांब्याची असते. पांढऱ्या सोन्यात कधी कधी निकेल असतं, ते टाळलं. झाळल्यावर तार मऊ होते, तेव्हा चिमट्यात टोक धरून तिला एक पीळ दिला. पिळाने ती पुन्हा ताठ होते.

दांडी पत्र्यापासून साडेपाच मिलिमीटर. पाळी चारची, म्हणजे मागे दीड मिलिमीटर उरतं. ते टोक गोल घासून घेतलं आणि जिभेवर क्लिपसाठी मिळते ती सिलिकॉनची गादी चढवली. क्लिप मिटली की टोक गादीत रुतून बसतं. जिभेला भोक पाडावं लागलं नाही, ठसाही जागेवर.

चिकटवण्याआधी पत्रा मेणाने लावून काकूंच्या कानात घालून पाहिला. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नये. आरशात पाहताना उजवं पान खाली दिसलं, कारण उजवं भोक दीड मिलिमीटर खाली उतरलेलं. म्हणून दोन्ही पत्रे सारखे ठेवता आले नाहीत. डाव्यात दांडी बिजागरीपासून आठ मिलिमीटरवर, उजव्यात साडेसहावर. पानांचा कलही थोडा बाहेरच्या बाजूला हवा होता. एरवी ती गालाकडे वळलेली दिसत होती. पत्र्यांच्या मागे बारीक 'डा' आणि 'उ' कोरून ठेवलं.

चिकटवायला दोन नळ्यांचं, सावकाश घट्ट होणारं अरल्डाईट. झटपट चिकटवणारा गोंद मी अशा कामात वापरत नाही. त्याच्या वाफेने खड्यांवर पांढरट धुरकटपणा येतो आणि तो जोड ठिसूळ असतो. शिकवतात असं की दोन्ही पृष्ठभाग खरवडून घ्यावेत. मी फक्त चांदीचा पत्रा खरवडला. पानाची पाठ स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेतली, तिचा मुलामा तसाच ठेवला. त्यामुळे जोड कमी पक्का होतो हे मला मान्य आहे. पण तो कमी पक्का हवाच होता. पुढे कुणाला मूळची जोडी परत हवी असेल तर पातळ पात्याने पत्रा उचलता यावा. शिवाय या रचनेत गोंदावर फारसा ताणच येत नाही. चिकटवलेली दांडी सुटते ती ओढल्यामुळे, एका कडेने सोलली गेल्यामुळे. इथे क्लिप मिटली की पाळी पत्र्याला पानावरच दाबते. खाली ओढणारं वजन खाचेतून बिजागरीवर जातं. ओढ बसते ती फक्त घालताना आणि काढताना, म्हणून काकूंना घालायची रीत शिकवली: आधी क्लिप पूर्ण उघडायची, दांडी भोकात घालायची, पान बोटाने धरून ठेवायचं आणि मगच क्लिप मिटायची. काढताना पान ओढायचं नाही, आधी क्लिप उघडायची.

क्लिपचा दाब कमी करायला पक्कड वापरली नाही. साठ वर्षांच्या स्प्रिंगची पट्टी वाकवताना मोडू शकते आणि तसाच भाग पुन्हा मिळणं कठीण. जुनी व्हिजिटिंग कार्डं पाळीपेक्षा थोडी जास्त जाड होईपर्यंत एकावर एक ठेवली, क्लिप त्यांवर मिटून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी दाब थोडा उतरला होता, मग एक कार्ड वाढवून पुन्हा. हे हळूच करायचं काम आहे, ढिली पडलेली क्लिप पुन्हा घट्ट करणं जास्त त्रासाचं.

रिसेप्शनला काकूंनी ती संध्याकाळभर घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर सांगितलं की डावी पाळी थोडी लाल झाली होती, उजवीला काहीच झालं नाही, आणि पानं जागची हलली नाहीत. लालीचं कारण बहुधा डाव्या क्लिपचा उरलेला दाब. तिला आणखी एक रात्र कार्डांवर ठेवायला सांगितलं. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीने फोटो बघून सगळ्यात आधी विचारलं की आईच्या कानातल्यांचं मागचं काढून टाकलं का. काकूंनी पाठीचा फोटो पाठवला. खर्च किती आला हेही तिने विचारलं. सोन्याच्या तारेचे पैसे सोडले तर फार नाही, वेळ मात्र बराच गेला. एवढा वेळ दोनशे रुपयांच्या आजच्या नकली कानातल्यावर घालवणं वेडेपणाचं ठरेल. तिथे तयार जोड आणायचा आणि मोकळं व्हायचं.

सिलिकॉनच्या गाद्या कायमच्या टिकत नाहीत. त्या अधूनमधून बदलाव्या लागतील. जोडी ठेवताना क्लिप उघडी ठेवायची आणि अत्तर कानातली घालायच्या आधी लावायचं, हेही सांगून ठेवलं आहे.

यानंतर काकू तिसरी जोडी घेऊन आल्या. लहान फुलं, मागे स्क्रूची दांडी, पाठीवर 'स्टर्लिंग'चा, म्हणजे चांदीचा ठसा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कथलासारखे स्वस्त धातू युद्धकामासाठी राखून ठेवल्यामुळे नकली दागिन्यांचे कारखानेही चांदीत काम करू लागले होते. ही जोडी त्या काळातली असावी, म्हणजे मावशींनीही ती कुठून तरी जुनीच घेतली असणार. चांदी असल्यामुळे इथे झाळकाम करता आलं असतं. पण स्क्रूची कमान कापून काढल्याशिवाय दांडी बसली नसती, आणि फुलं इतकी हलकी की स्क्रू सैलसर ठेवला तरी कानात राहतात. खड्यांच्या पाठीचा मुलामा तिथेही आहेच. मी स्क्रूंच्या टोकांना गाद्या लावून जोडी परत दिली.